अंडाशयाचा कर्करोग, पण कोणता?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना गाळलेला भाग इथे परत घातला आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. आमच्या मुलांच्या नोकऱ्या राहणार की जाणार ते सांग.' मी हो म्हटलं, टिपणं काढायलाही घेतली. मग दिवाळीत एक फोन आला आणि विषय बदलला.

खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर माझ्याशेजारी बसणारी, आठवी ते दहावी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवणारी आपली मैत्रीण २०१६ साली गेली. तुमच्यातले बरेचजण तेव्हा वांगणीला तिच्या घरी येऊन गेले होते. फोन तिच्या मुलीचा होता. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आता कॉलेजात आहे. तिच्या परवानगीनेच मी हे बोलते आहे. ती म्हणाली, "मावशी, आईला झालं ते मलाही होणार का? मी आत्ता काही करायला हवं का?"

मी विचारलं, "आईला कोणता कर्करोग होता?"

"अंडाशयाचा."

"हो, पण त्यातला कोणता?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिच्या बाबांकडे नव्हतं. घरातली फाइल काढली, तर रिपोर्टवर एकच ओळ होती: 'ॲडेनोकार्सिनोमा, अंडाशय.' म्हणजे जवळजवळ 'भारतात कुठेतरी राहते' असा पत्ता लिहिल्यासारखं.

मी डॉक्टर नाही. अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि वीसहून जास्त वर्षं संगणकावर प्रोग्रॅम लिहीत आले. जीवशास्त्रात मला किती मार्क पडायचे ते विज्ञानाच्या बाई इथे बसल्यात म्हणून सांगत नाही. पण 'त्यातला कोणता' हा प्रश्न विचारायला मी २०१९ मध्ये शिकले, माझ्या आईच्या आजारपणात. तुम्ही सगळे माझ्या आईला ओळखता. गॅदरिंगच्या दिवशी सगळ्या वर्गाचे केस विंचरून देणारी काकू ती हीच.

त्या वर्षी मार्चपासून तिचं पोट फुगल्यासारखं व्हायचं. थोडं खाल्लं की भरल्यासारखं वाटायचं. घरच्यांनी आणि आसपासच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून तीन महिने काढले. मी तेव्हा ऐरोलीला नोकरीला होते. फोनवर 'ओवा खा' म्हणून मीही सल्ला दिला होता, तेव्हा दोष कोणाला देत नाही. जूनमध्ये सोनोग्राफी झाली, मग ऑपरेशन. जुलैत रिपोर्ट हातात आला. त्यावर लिहिलं होतं, 'हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा.' आम्ही त्यातला फक्त शेवटचा शब्द वाचला.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बहीण पॅथॉलॉजिस्ट आहे. तिने रिपोर्ट फोनवर बघितला आणि म्हणाली, "ब्लॉक घेऊन मुंबईला दुसरं मत घ्या. गाठ एकाच बाजूला आहे, वर्णन थोडं वेगळं वाटतंय." ब्लॉक म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा छोटा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवतात. साबणाच्या छोट्या वडीएवढा तो ठोकळा असतो. त्यातून केसाहून पातळ काप काढून काचपट्टीवर रंगवतात, तीच स्लाइड. स्लाइड फुटली तर नवी करता येते, पण मेणातला ब्लॉक हे मूळ असतं.

तो ब्लॉक आम्ही मागून घरी आणला, आणि २६ जुलैच्या रात्री पाऊस सुरू झाला. पुढचं तुम्हाला सांगायला नको. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली ती हीच रात्र. हजारावर प्रवासी, एनडीआरएफच्या बोटी, वर नौदलाची हेलिकॉप्टरं. आमच्या अंगणात पाणी चढत होतं आणि आईचा कर्करोग डब्यात घालून मी कपाटाच्या वर ठेवला होता. वडील म्हणाले, 'दागिने खालच्या खणात राहिले.' कोणी उठलं नाही.

गाड्या सुरू झाल्यावर मी तो डबा रुमालात गुंडाळून कर्जत लोकलने निघाले. 'उन्हात ठेवू नका, मेण वितळेल,' एवढीच सूचना होती. डब्यात नेहमीप्रमाणे पिना आणि मोबाइलची कव्हरं विकणारे आपले वांगणीचे काका चढले. आपल्या गावात कितीतरी दृष्टिहीन कुटुंबं राहतात आणि लोकलमध्ये विक्री करून घर चालवतात, हे आपल्याला नवीन नाही. मी पिना घेतल्या, त्यांच्या हातावर नाणी ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला आणि एक परत केलं. "ताई, हे दोनचं नाही, एकचं आहे." मला डोळे असून ती दोन नाणी सारखी दिसली होती. त्यांना ती सारखी लागली नव्हती. ही गोष्ट पुढे दोन आठवड्यांनी मला पुन्हा आठवली.

मुंबईतल्या रुग्णालयाचा रिपोर्ट आला, तो वेगळा होता. एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा. सूक्ष्मदर्शकाखाली वाढलेल्या ग्रेडचा एंडोमेट्रिऑइड आणि हाय-ग्रेड सीरस कधीकधी इतके सारखे दिसतात की अनुभवी माणूसही चुकू शकतो. तिथे त्यांनी नुसतं बघितलं नाही, खास प्रथिनं दाखवणारे रंग लावून बघितले. डब्ल्यूटी-१ नावाचं प्रथिन, जे सीरसमध्ये सहसा असतं, ते नव्हतं. पी-५३ बिघडलेलं नव्हतं. डोळ्याला एक दिसलं, अंगठ्याला दुसरं लागलं.

आता मुद्द्यावर येते. अंडाशयाचा कर्करोग हा एक आजार नाही. त्याचे मुख्य पाच प्रकार आहेत: हाय-ग्रेड सीरस, लो-ग्रेड सीरस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल आणि म्युसिनस. एकाच पत्त्यावर राहणारे पाच भाडेकरू म्हणा हवं तर. सगळ्यात जास्त आढळतो तो हाय-ग्रेड सीरस, आणि गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही. तो गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो आणि अंडाशयावर येऊन वाढतो. एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेल यांचा संबंध एंडोमेट्रिऑसिसशी आहे, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी वाढण्याच्या दुखण्याशी. पाळीत असह्य दुखणाऱ्या ज्या मुलींना आपल्या काळी 'सहन कर' सांगायचे, त्यांच्यातल्या कितीजणींना ते असेल कोण जाणे. म्युसिनस तर अनेकदा पोटातल्या दुसऱ्याच अवयवातून, आतड्यातून किंवा अपेंडिक्समधून आलेला पाहुणा असतो.

हे वेगळेपण औषधातही दिसतं. हाय-ग्रेड सीरस नेहमीच्या केमोला सुरुवातीला चांगली दाद देतो. क्लिअर सेल आणि लो-ग्रेड सीरस तितकी देत नाहीत. आणि घरच्यांसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे आनुवंशिक धोका प्रकारानुसार बदलतो. हाय-ग्रेड सीरस म्हटलं की बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं तपासतात. एंडोमेट्रिऑइड किंवा क्लिअर सेल म्हटलं की लिंच सिंड्रोमचा विचार येतो, ज्यात मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका असतो.

आईच्या बाबतीत खरं सांगायचं तर केमो बदलली नाही. पहिल्या रिपोर्टवर जी दिली असती तीच सहा वेळा दिली. बदललं ते माझं आणि माझ्या बहिणीचं. कारण त्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये खाली आणखी एक ओळ होती: 'एमएलएच-१ प्रथिन आढळले नाही.'

एमएलएच-१ हे जनुक पेशीतल्या मुद्रितशोधकासारखं काम करतं. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका शोधून दुरुस्त करणाऱ्यांपैकी ते एक. ते प्रथिन गायब असण्याची दोन कारणं असू शकतात. एक, जनुकच जन्मापासून बिघडलेलं, म्हणजे लिंच सिंड्रोम, म्हणजे मला आणि बहिणीला प्रत्येकी निम्मी शक्यता. दोन, जनुक शाबूत आहे, पण त्या गाठीपुरतं कुलूपबंद झालंय. हे कुलूप म्हणजेच एपिजेनेटिक्स.

बाई, इथे मी तुमचीच पद्धत वापरते. आपण नवीन पुस्तकं क्वचित घ्यायचो. वरच्या वर्गातल्या मुलांची बालभारतीची पुस्तकं निम्म्या किमतीत घ्यायचो. सगळ्या महाराष्ट्रात मजकूर एकच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण पेन्सिलच्या खुणा वेगळ्या! 'हा धडा वगळला' म्हणून फुली. 'मह.' असं समासात. आपल्या अ तुकडीला एक धडा वगळलेला असायचा, ब तुकडीला दुसरा. पुस्तक उघडलं की नाव न बघता कळायचं, हे कुठल्या तुकडीतलं आहे, कुठल्या सरांच्या हाताखालचं आहे.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचं पुस्तक तेच आहे. डोळ्याच्या पेशीत आणि अंडाशयाच्या पेशीत मजकूर सारखा. फरक खुणांचा. डीएनएमध्ये सी आणि जी ही अक्षरं लागोपाठ येतात त्या जागांवर, सी या अक्षराला एक छोटा मिथाइल गट चिकटतो, एक कार्बन, तीन हायड्रोजन. जनुकाच्या सुरुवातीला अशा खुणा दाट झाल्या की बहुतेक वेळा तो धडा वाचला जात नाही. याला मिथिलेशन म्हणतात. अशा जागा माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे २ कोटी ८० लाख आहेत. पेशी दुभंगली की मजकुराबरोबर खुणांचीही नक्कल होते.

कर्करोगात दोन गोष्टी होतात. काही पानं फाटतात, म्हणजे जनुकीय बदल होतात. आणि काही खुणा भलत्या जागी पडतात, जो धडा वाचायलाच हवा त्याच्यावर फुली येते. पण जुन्या तुकडीच्या खुणा बऱ्याचशा तशाच राहतात. म्हणून गाठ कितीही विद्रूप झाली तरी ती मुळात कुठून निघाली हे त्या खुणा सांगू शकतात. हाय-ग्रेड सीरस गर्भनलिकेतून येतो याला २०१६ मध्ये मिथिलेशनच्या अभ्यासातूनही दुजोरा मिळाला. त्या गाठींच्या खुणा अंडाशयाच्या पृष्ठभागापेक्षा गर्भनलिकेच्या अस्तराशी जास्त जुळल्या.

या खुणा वाचतात कशा, हे मला फार आवडलं म्हणून सांगते. डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. ज्या सी अक्षरावर खूण नाही ते बदलून दुसरंच अक्षर होतं. खूण असलेलं टिकतं. मग साधं वाचन केलं की कळतं कुठे खूण होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी खोडरबर फिरवावं आणि पेनने केलेलं तेवढं उरावं, तसं.

आईच्या ब्लॉकवर फक्त एमएलएच-१ च्या सुरुवातीच्या भागाची अशी तपासणी झाली. मिथिलेशन सापडलं. म्हणजे जनुकावर त्या गाठीत फुली पडली होती. ते जन्मापासून बिघडलेलं असण्याची शक्यता जवळजवळ संपली. समुपदेशक बाईंनी घरातला सगळा इतिहास विचारला, आजोळच्या तीन पिढ्या लिहून घेतल्या आणि मग सांगितलं, तुम्हा दोघींना दर वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करत बसायचं कारण दिसत नाही. मी बाहेर येऊन परळच्या फुटपाथवर उसाचा रस प्यायले. आई म्हणाली, "एवढ्याचसाठी आलो होतो?" होय, एवढ्याचसाठी.

ही एका जनुकाची तपासणी. आता जिथे माझा धंदा सुरू होतो तिथे येते.

एका जागेऐवजी साडेआठ लाख जागा एकदम वाचणारी चिप मिळते. जुनी मेणातली गाठही तिला बऱ्याचदा चालते, हे विशेष. प्रत्येक जागेसाठी शून्य ते एक यांच्यामध्ये एक आकडा येतो. शून्य म्हणजे खूण नाही, एक म्हणजे सगळ्या प्रतींवर खूण. म्हणजे एका बाईची गाठ म्हणजे साडेआठ लाख आकड्यांची एक ओळ. अशा शेकडो ओळी, ज्यांचं निदान पक्कं ठाऊक आहे, त्या संगणकाला दाखवायच्या आणि नवी ओळ कुठल्या तुकडीतली ते विचारायचं.

मेंदूच्या गाठींसाठी हे प्रत्यक्षात आलेलं आहे. जर्मनीत हायडेलबर्गच्या गटाने २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं. २,८०१ नमुने, गाठींचे ८२ वर्ग. पद्धत रँडम फॉरेस्ट, म्हणजे निर्णयाची हजारो छोटी झाडं. प्रत्येक झाड थोड्याच जागा बघून मत देतं, आणि मग मोजणी. नव्या रुग्णांवर वापरल्यावर सुमारे १२ टक्क्यांमध्ये आधीचं निदान बदललं. मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. गुण ०.९ च्या खाली आले, तर हा प्रोग्रॅम वर्ग सांगत नाही, 'जुळत नाही' म्हणतो. आमच्या क्षेत्रात डेमो देणारा माणूस 'माहीत नाही' म्हणताना मी क्वचित बघितलाय.

अंडाशयात हे अजून रोजच्या वापरात आलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. उद्या कोणी पंचवीस-तीस हजार घेऊन 'मिथिलेशन प्रोफाइल करून देतो' म्हणालं, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा की त्याने काय ठरणार आहे. पण दिशा तीच आहे. क्लिअर सेलच्या गाठींच्या खुणा सीरसपेक्षा वेगळ्या पडतात हे अनेक अभ्यासांत दिसलं. २०१३ मध्ये एचएनएफ-१-बी नावाच्या जनुकाचं कोडं असंच सुटलं: सीरसमध्ये ते बऱ्याचदा मिथिलेशनने बंद, क्लिअर सेलमध्ये मात्र उघडं आणि जोरात चालू. त्याच प्रथिनाचा रंग पॅथॉलॉजिस्ट क्लिअर सेल ओळखायला वापरतात. आणि हाय-ग्रेड सीरसमध्ये २०११ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात, ४८९ गाठींपैकी सुमारे ११ टक्क्यांमध्ये बीआरसीए-१ जनुक मिथिलेशनने बंद झालेलं आढळलं. म्हणजे तिथेही तोच प्रश्न: पान फाटलंय की फुली मारलीय?

गणिताचे सर इथे आहेत, म्हणून यातली खरी अडचणही सांगते. स्तंभ साडेआठ लाख आणि ओळी काही शे. अशा तक्त्यात संगणकाला काहीही 'सापडतं'. एका रुग्णालयातल्या सगळ्या सीरसच्या गाठी सोमवारी तपासल्या आणि क्लिअर सेलच्या शुक्रवारी, तर यंत्र कर्करोग ओळखायला शिकतं की वार, हे कळत नाही. शिवाय गाठीत नुसत्या कर्करोगाच्या पेशी नसतात, रक्ताच्या आणि आधाराच्या पेशीही मिसळलेल्या असतात. त्यांच्याही खुणा येतात. वयानेही खुणा बदलतात. २०१३ मध्ये स्टीव्ह हॉर्वाथ या शास्त्रज्ञाने ३५३ जागांवरून माणसाचं वय साधारण तीन-चार वर्षांच्या फरकाने सांगून दाखवलं. आज इथे केस काळे करून आलेल्यांनी याची नोंद घ्यावी. आणि शेवटची अडचण आपली आहे: हे संदर्भ-नमुने बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या बायकांचे आहेत. आपल्याकडच्या गाठी त्या तक्त्यात फार थोड्या.

पण म्हणून आपल्याकडे कोणी काही करत नाही असं मुळीच नाही. पुण्याला गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, सगळे त्याला एनसीसीएस म्हणतात. तिथे डॉ. शर्मिला बापट यांचा गट अंडाशयाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं काम करत आला आहे. २००५ मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या पोटात साचलेल्या पाण्यातून काढलेल्या पेशींमध्ये मूळपेशींसारख्या वागणाऱ्या, पुन्हा गाठ उभी करू शकणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर याच पेशींवरच्या एपिजेनेटिक खुणांवर त्यांचा निबंध आला. डीएनएवरच्या खुणा आणि डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांच्यावरच्या खुणा, दोन्ही मिळून पेशी परिस्थितीप्रमाणे कशी पवित्रा बदलते याबद्दल. आणि २०१४ मध्ये या गटाने हाय-ग्रेड सीरसच्या आतही वेगवेगळे वर्ग असल्याचं मांडलं. काही गाठींमधल्या पेशी सुट्या होऊन एकेकट्या पसरतात, काहींमधल्या एकमेकींचा हात धरून घोळक्याने. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, गाडी लागली की फलाटावरची गर्दी अशीच दोन प्रकारची असते.

दुसरं उदाहरण खारघरच्या ॲक्ट्रेकचं, टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राचं. लहान मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे चार उपप्रकार आहेत आणि ते ठरवायला परदेशात महागड्या चिप वापरतात. तिथे डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३ मध्ये मोजकीच जनुकं आणि मायक्रोआरएनए निवडून, मेणातल्या ब्लॉकवर चालेल अशी साधी पीसीआरची तपासणी बसवली. कोविडमुळे पीसीआर हा शब्द आता रिक्षावाल्यालाही माहीत आहे. मला वाटतं अंडाशयाच्या बाबतीतही आपल्याकडे रस्ता असाच निघेल. साडेआठ लाख जागांमधून कामाच्या वीस-पंचवीस शोधायच्या आणि त्या जिल्ह्याच्या ठिकाणी तपासता येतील असं करायचं. माझ्यासारख्या लोकांचा उपयोग असला तर या निवडीत आहे.

मध्यंतरात दोघी-तिघींनी विचारलं, मग आम्ही दरवर्षी सीए-१२५ ची रक्ततपासणी करावी का? काहीही त्रास नसताना सरसकट सगळ्यांनी करण्याचा उपयोग दिसलेला नाही. ब्रिटनमध्ये २,०२,६३८ स्त्रियांवर हा प्रयोग झाला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: तपासण्या केलेल्या बायकांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. त्यापेक्षा, महिन्यात अनेक दिवस पोट फुगतंय, भूक पटकन भागतेय, ओटीपोट दुखतंय, सारखं लघवीला जावं लागतंय, आणि हे नवीन आहे, तर ओवा खाऊ नका. सोनोग्राफी करा. माझ्या आईचे तीन महिने गेले त्यात.

आणि घरात कोणाचं ऑपरेशन झालं, तर फाइलमध्ये प्रकाराचं नाव लिहून आलंय का बघा. नसेल तर विचारा. 'ब्लॉक कुठे आहे, किती वर्षं ठेवता' हेही विचारा. स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या मतासाठी मागून घेता येतात. अर्ज करावा लागतो, सही करावी लागते. डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते. आमचे रागावले नाहीत.

आता आपल्या मैत्रिणीच्या मुलीकडे येते. तिने समुपदेशकांची वेळ घेतली, मी सोबत गेले. मला वाटलं होतं, मुलीचं रक्त तपासलं की झालं. त्यांनी समजावलं की तेवढ्याने अर्धंच उत्तर मिळतं. मुलीच्या रक्तात काही सापडलं नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: आईत दोष होता आणि तो हिच्याकडे आला नाही, किंवा आईत तो नव्हताच आणि कारण काही वेगळंच होतं. पहिल्यात हिची सुटका, दुसऱ्यात घोळ कायम. म्हणून आधी आईचं कळायला हवं. पण आई तर नाही.

आई नाही, पण ब्लॉक असू शकतो. ज्या रुग्णालयात २०१५ मध्ये ऑपरेशन झालं होतं तिथे आम्ही गेलो. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, 'इतकं जुनं ठेवत नाही.' दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब रजेवर होते. तिसऱ्यांदा प्रयोगशाळेतल्या एका वयस्कर तंत्रज्ञ ताईंनी ऑपरेशनची तारीख विचारली, आत गेल्या आणि वीस मिनिटांनी पत्र्याचा एक खण घेऊन आल्या. त्यात रांगेने मेणाचे ठोकळे. एकावर बॉलपेनने लिहिलेला नंबर, फाइलमधलाच. मुलीने तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, एवढासाच?"

परतीच्या लोकलमध्ये तो डबा तिच्या मांडीवर होता. मला २०१९ आठवत होतं, पण मी काही बोलले नाही.

तो ब्लॉक आता मुंबईत दिलाय. आधी रंग लावून प्रकार ठरवतील. हाय-ग्रेड सीरस निघाला तर गाठीच्या डीएनएत बीआरसीए बघतील, त्यावर मिथिलेशनची फुली आहे का तेही. एंडोमेट्रिऑइड किंवा क्लिअर सेल निघाला तर लिंचच्या अंगाने जातील. दहा वर्षांच्या मेणातून डीएनए नीट निघेल की नाही याची धाकधूक होती. परवा निरोप आला, पुरेसा निघालाय.

अहवाल यायचा आहे. ती आज इथे आली आहे, मागच्या दाराजवळ, आपल्या आईची निळी साडी नेसून. जेवताना तिच्याशी बोला. आईच्या शाळेतल्या गोष्टी तिला ऐकायच्या आहेत, आणि चटणीची गोष्ट सोडून मला बाकीच्या फारशा आठवत नाहीत.